डीआयडीसोबत राहताना: कठीण दिवसाची तयारी

डीआयडी, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखींचे भाग असण्याचा मानसिक आजार, असलेल्या माझ्यासारख्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. शांत बस, दीर्घ श्वास घे, मन दुसरीकडे वळव. सल्ला चुकीचा नसतो, पण ज्या दिवशी त्याची गरज पडते नेमका त्या दिवशी तो आठवत नाही. सोमवारी मी जे ठरवते, ते गुरुवारी माझ्यातल्या ज्या भागाच्या हाती कारभार असतो त्याला ठाऊकच नसतं. म्हणून पुढचं सगळं एकाच नियमावर उभं आहे: काहीही डोक्यात ठेवायचं नाही. वहीत ठेवायचं, भिंतीवर लावायचं, पर्समध्ये घालायचं आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवायचं.

मी साताऱ्यात राहते, एका पतसंस्थेत काम करते. घरी आई आणि ताई आहेत. मी डॉक्टर नाही. इथे लिहिलेलं उपचारांतून शिकलेलं आणि रोजच्या वापरात टिकलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं याहून वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

आजार नेमका काय आहे

पूर्ण नाव डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. याला आधी बहुव्यक्तिमत्त्व म्हणत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये नाव बदललं. दोन गोष्टी असाव्या लागतात. एक, माणसात दोन किंवा अधिक वेगवेगळे भाग असतात, ज्यांची बोलण्याची, वागण्याची, जगाकडे बघण्याची तऱ्हा निराळी असते. दुसरी, आठवणीत खिंडारं पडतात, आणि ती साध्या विसरण्यात बसत नाहीत. काल संध्याकाळी भाजी कुणी आणली? मीच. पण मला ते माहीत नाही.

बहुतेकांच्या बाबतीत याचं मूळ लहानपणी पुन्हा पुन्हा सोसलेल्या अत्याचारात किंवा भीतीत असतं. पळून जाता येत नाही, सांगता येत नाही, तेव्हा मूल मनातल्या मनात बाजूला होतं. तेच वारंवार घडलं की मनाचे कप्पे पडतात आणि त्या कप्प्यांची वेगवेगळी ओळख तयार होते. हा स्किझोफ्रेनिया नाही, आणि सिनेमात दाखवतात तसा माणूस सुरा घेऊनही फिरत नाही. उलट बाहेरून बहुतेक वेळा काही कळतच नाही. माझ्यातल्या एका भागाने लहान मुलगा असल्यासारखं ‘मी येतो’ म्हटलं, तर कोल्हापूरच्या मामीला काही वेगळं वाटलं नाही, कारण तिकडच्या बायका तसंही ‘येतो, जातो’च म्हणतात.

मोबाईलवर व्हिडिओ बघून स्वतःचं निदान करू नका. वेळ हरवणं फिट्सच्या एका प्रकारातही होतं, दारूमुळेही होतं. म्हणून डॉक्टर आधी ईईजी (मेंदूचा आलेख), रक्ततपासण्या सांगू शकतात. त्याला वैतागू नका. काही मानसोपचारतज्ज्ञांना हे निदान तितकंसं पटत नाही, हेही खरं. अशा डॉक्टरांशी नावावरून वाद घालत बसण्यात शक्ती जाते. ‘माझी वेळ हरवते, मला झोप नाही, स्वतःला इजा करावीशी वाटते’ एवढं सांगितलं तरी उपचार सुरू होतो.

‘बाहेरचं आहे’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं

हा प्रश्न आपल्याकडे डॉक्टरच्या आधी येतो, म्हणून जरा थांबून लिहिते.

वाई तालुक्यातल्या मांढरदेवला पौष पौर्णिमेच्या यात्रेत अंगात आलेल्या बायका कुणी पाहिल्या नाहीत? त्या सगळ्या आजारी आहेत असं मानसोपचारशास्त्रही म्हणत नाही. डीआयडीच्या अधिकृत निकषांतच लिहिलं आहे की काही समाजांत हा अनुभव ‘संचार’ म्हणून सांगितला जातो, आणि समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग असलेली गोष्ट आजार धरायची नाही. मग फरक कसा करायचा? संचार प्रसंगाला येतो, देवळात, ओळखीच्या रीतीने येतो आणि जातो, आणि बाई दुसऱ्या दिवशी रानात कामाला जाते. तसं असेल तर डॉक्टरची गरज नाही. पण तो नको असताना, कुठेही, पतसंस्थेच्या काउंटरवरही येत असेल, मागे आठवणीचं खिंडार सोडून जात असेल, आणि त्या माणसाला त्याचा त्रास होत असेल, तर दवाखान्यातच जायला हवं.

घरच्यांना देवाला जायचं असेल तर जाऊ द्या. नारळ फोडल्याने कुणाचं बिघडत नाही, आणि त्यावरून घरात भांडण काढलं तर पहिला तोटा आजारी माणसाचा होतो. मात्र गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि देवरशाने अंगाला हात लावायचा नाही, या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. हा कायदा २०१३ चा. त्यासाठी आयुष्य घालवलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मारहाणीतून ज्याचा आजार सुरू झाला त्याला पुन्हा मारहाण म्हणजे काय, हे एकदा शांतपणे घरच्यांसमोर मांडा. माझ्या आईला कायद्यापेक्षा हा मुद्दा लवकर पटला.

डॉक्टर आणि थेरपी

साताऱ्यात सुरुवात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयापासून करता येते. सिव्हिल म्हटलं की रिक्षावाला नेतो. केसपेपर काढताना मानसोपचार विभाग सांगा. ‘येरवड्याला टाकतील’ ही भीती मनातून काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे कुणालाही उगीच दाखल करता येत नाही, त्याला अटी आणि मुदती आहेत.

डीआयडीवर थेट अशी गोळी नाही. गोळ्या मिळतात त्या नैराश्य, भीती, झोप यांसाठी, आणि त्या उपयोगी पडतात. मुख्य उपचार बोलण्याचा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. त्यासाठी आघातावर काम केलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतो, ज्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे. गावात मिळाला नाही तर पुण्याचा बघावा लागतो. दर आठवड्याला स्वारगेटच्या गाडीत बसणं झेपत नसेल तर महिन्यातून एकदा समोरासमोर आणि बाकी व्हिडिओवर, असं काही जण करून देतात. विचारायला लाजू नका.

पहिल्या भेटीत एक गोष्ट तपासून बघा. चांगला थेरपिस्ट घाईने लहानपणाच्या आठवणी उकरत नाही. या आजाराचे उपचार टप्प्यांनी होतात: आधी सुरक्षितता आणि रोजचं जगणं सावरणं, मग त्या आठवणींवर काम, मग भागांचा आपसांत मेळ. पहिला टप्पाच सर्वांत लांब चालतो. कुणी पहिल्याच बैठकीत संमोहन करून ‘सगळं बाहेर काढतो’ म्हणालं, किंवा पूर्वजन्मात नेतो म्हणालं, तर फी देऊन नमस्कार करा आणि परत जाऊ नका. काहींना सगळे भाग एकत्र होऊन एकच ओळख हवी असते, काहींना भाग राहूनही गोडीने नांदणं पुरतं. दोन्ही चालतं, आणि ते पहिल्या वर्षी ठरवायची गरज नाही.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या, कुलूपवाली डायरी नको. जागा ठरलेली हवी. आमची ओट्याशेजारी, कालनिर्णयखाली असते. नियम एवढेच: कुणीही लिहावं, कुणाचंही लिखाण फाडू नये, शिव्या लिहिल्या तरी उत्तर नीट द्यावं. घरातल्यांनी विचारल्याशिवाय वाचू नये.

रोज काय लिहायचं? तारीख, किती झोप झाली, गोळी घेतली का, पैसे कुठे गेले, कुणाला काय कबूल केलं. बाकी मनातलं लिहावंसं वाटलं तर. एकदा माझ्या नीटनेटक्या नोंदींखाली तिरक्या, मोठ्या अक्षरात एक ओळ होती: ‘मी जेवलो नाही. कुणी विचारलं नाही.’ माझ्या नोंदीप्रमाणे दुपारी डबा खाल्लेला होता. वाद न घालता मी खाली लिहिलं, ‘आज रात्री वरणभात आहे, तुझ्यासाठी तूप ठेवते.’ ठेवलं. आठवड्याभरात त्याच अक्षरात ‘बरं’ एवढं आलं. या आजारातली प्रगती अशीच दिसते, तिचा गाजावाजा नसतो.

भागांची नावं, वयं, तक्ते करायच्या मागे लागू नका. कळेल तसं कळू द्या. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलतं करण्याचा अट्टहास नको.

वहीसोबत गोळ्यांचा वारांचा डबा आणा, सकाळ-रात्र खण असलेला. हे फार महत्त्वाचं आहे. एका भागाने घेतलेली गोळी दुसऱ्याला आठवत नाही आणि डोस दोनदा होतो. खण रिकामा असेल तर घेतली, विषय संपला. महिन्याच्या स्ट्रिपा ताईकडे असतात, डब्यात एका आठवड्याच्याच. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवा, म्हणजे बाजारात गेलेल्या एखाद्या भागाने खरेदी केली तरी महिना कोलमडत नाही.

भिंतीवरचा कागद

माझ्या खोलीत ताईच्या हातचा, स्केचपेनने लिहिलेला कागद आहे. तसाच्या तसा देते:

‘तू मोठी झाली आहेस. हे घर गोडोलीतलं आहे, जुनं घर नाही. दाराला आतून कडी आहे. तो माणूस इथे येत नाही. आजची तारीख कालनिर्णयवर बघ, गेलेल्या दिवसांवर काट मारली आहे. ताई सहाला येते. भूक लागली तर स्टीलच्या डब्यात लाडू आहेत. भीती वाटली तर ताईला फोन कर, ती ओरडणार नाही.’

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. लहान भाग पुढे आला की त्याच्या लेखी तेच जुनं घर आणि तीच रात्र चालू असते. त्याला समजूत घालण्यापेक्षा पुरावा द्यावा लागतो: साल, कडी, लाडू. कागद दुसऱ्याच्या हस्ताक्षरात असेल तर जास्त विश्वास बसतो, असा आमचा अनुभव.

कठीण दिवस उजाडला की

तो उजाडतो ते बहुधा अंगाला आधी कळतं. डोकं जड, आवाज लांबून येतात, आपलाच हात परका वाटतो, घड्याळ अचानक दोन तास पुढे. कारण कधी कळतं: एखादा वास, लग्नघरात दिसलेला एखादा नातेवाईक, गणपतीच्या मिरवणुकीतला छातीत घुमणारा डीजे. कधी कळत नाही. कारण शोधायचं काम त्या दिवशी करू नका.

आधी डोळे उघडे ठेवा. डोळे मिटून ध्यान करा असं सगळे सांगतात, पण डिसोसिएशनमध्ये, म्हणजे मन भानापासून तुटतं तेव्हा, त्याने माणूस आणखी आत ओढला जातो. तळपाय फरशीवर टेकवा आणि मोठ्याने बोला: नाव, साल, गाव. मग दिसणाऱ्या ५ वस्तू, हाताला लागणाऱ्या ४, ऐकू येणारे ३ आवाज, २ वास, १ चव. डॉक्टर हे सगळीकडे शिकवतात. मला मात्र त्यापेक्षा लसूण सोलणं जास्त लागू पडतं, कारण बोटांना काम आहे, वास उग्र आहे आणि शेवटी दिसणारा ढीग खरा आहे. कुणाला गार पाण्याखाली मनगटं धरणं, कुणाला लिंबाच्या लोणच्याची फोड. वास निवडताना जपा. ज्या अत्तराशी, साबणाशी जुनी आठवण जोडलेली आहे तो नको. श्वास घ्यायचाच असेल तर सोडताना लांब सोडा, घेताना जोर लावू नका.

जरा जमिनीवर आलात की आतल्यांशी बोला. मनातल्या मनात किंवा वहीत. ‘गप्प बस’ म्हटलं की आतला गोंधळ वाढतो. सौदा करा: ‘आत्ता मला हिशेब पूर्ण करायचा आहे, रात्री आठला तुझी वेळ. रंगीत खडू काढून ठेवते.’ आणि रात्री आठला खडू काढाच. शब्द मोडला तर पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही.

मग दिवस लहान करा. जेवण, गोळी आणि एक काम. त्या दिवशी पाहुणे नकोत, महत्त्वाचे फोन नकोत, कुठे सही नको. गाडी अजिबात चालवू नका. मी स्कूटरची किल्ली ताईच्या पर्समध्ये टाकते आणि रिक्षा करते. गॅसवर काही ठेवलं तर स्वयंपाकघर सोडायचं नाही, किंवा सरळ दूध-पोळी खायची. दारू, आणि डॉक्टरांनी न दिलेली झोपेची गोळी, या दोन्ही गोष्टी खिंडार मोठं करतात.

भानावर आलात आणि भलत्याच ठिकाणी आहात

समजा शुद्ध आली ती एसटी स्टँडवरच्या बाकावर. हातात तिकीट, कुठलं ते माहीत नाही. अशा वेळी उठून चालायला लागायचं नाही. बसून राहा. समोरची पाटी वाचा, मोबाईलवर तारीख-वेळ बघा, अंगावर कुठे लागलंय का बघा, पाणी प्या. पर्समध्ये एक पुठ्ठ्याचं कार्ड ठेवा: ‘मला आठवणीचा आजार आहे. मी दारू प्यायलेली नाही. कृपया या नंबरवर फोन करा.’ खाली दोन नंबर. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. फोन लागल्यावर एवढंच सांगायचं, मी अमुक पाटीखाली बसले आहे. मदत मागायची असेल तर कंट्रोल केबिनकडे जा, किंवा मूल घेऊन बसलेल्या बाईकडे. काय घडलं असेल याचा तपास घरी, दुसऱ्या दिवशी.

जीव नकोसा होतो तेव्हा

हा धोका या आजारात मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एखाद्या भागाला मरायचं असतं, बाकीच्यांना नसतं, आणि दोघांचं शरीर एकच. म्हणून तयारी आधीच हवी. घरात शेती असेल तर फवारणीची औषधं घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली आजारी माणसाला माहीत नसलेल्या जागी. गोळ्यांचा साठा दुसऱ्याकडे. वहीच्या पहिल्या पानावर क्रमाने लिहून ठेवा: मी काय करून बघेन, कुणाजवळ जाऊन बसेन, कुणाला फोन करेन.

टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीत चालतो. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला. फोन केला तर ‘डीआयडी’ समजावत बसू नका. ‘माझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत आणि मी एकटी आहे’ एवढं पुरे. इजा झालीच असेल, काही प्यायलं असेल, तर १०८ किंवा ११२, आणि थेट सिव्हिल. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ चा कायदा असं मानतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला शिक्षा करत नाही.

त्रास देणारा माणूस अजून घरातच असेल तर यातलं काहीच नीट चालणार नाही. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. आधी तिथून सुटका, मग वही आणि थेरपी.

घरच्यांनी काय करायचं

‘यातली खरी कोण?’ हा प्रश्न विचारू नका. सगळे मिळून तुमचीच मुलगी, तुमचाच भाऊ आहे. जो भाग समोर असेल त्याच्याशी साध्या आवाजात बोला. लहान असेल तर लहान मुलाशी बोलतो तसं, पण मजा म्हणून त्याला बाहेर बोलवू नका, पाहुण्यांना दाखवू नका, व्हिडिओ काढू नका. रागीट भाग समोर आला तर लक्षात ठेवा, बहुतेक वेळा तो राखणदार असतो. ज्या वयात कुणी वाचवलं नाही त्या वयात त्यानेच वाचवलंय. त्याला हाकलायला गेलात तर तो आणखी चवताळतो. अंगाला हात लावायच्या आधी विचारा, पाठीमागून तर कधीच नको.

मात्र सगळं माफ असंही नाही. माझ्यातल्या कुणीही आईला टाकून बोललं तर सकाळी मीच माफी मागते, मला आठवत नसलं तरी. घर चालायचं तर एवढं लागतं. आणि ताईला महिन्यातून एक रविवार पूर्ण मोकळा असतो. ती मैत्रिणींबरोबर कासला जाते नाहीतर नुसती झोपते. सांभाळणारं माणूस थकलं की भिंतीवरच्या कागदाला अर्थ राहत नाही.

नोकरी आणि कागदपत्रं

ऑफिसात निदान सांगणं बंधनकारक नाही. मी साहेबांना ‘उपचार चालू आहेत, कधी कधी विसर पडतो’ एवढंच सांगून रोकड मोजण्याचं काम सोडलं आणि नोंदी घेतल्या. २०१७ च्या कायद्याने दोन हत्यारं दिली आहेत. आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत हे आधीच लेखी देता येतं, आणि आपल्या वतीने बोलायला एक प्रतिनिधी नेमता येतो. हे बऱ्या दिवशी, डॉक्टरांशी बोलून करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजार आहे. प्रमाणपत्र सिव्हिलमधून मिळतं, पण ते काढायचं की नाही हा तुमचा निर्णय.

दुसऱ्या दिवशी

अंघोळ, चहा, मग वही. काल काय काय झालं ते मोबाईलच्या कॉल यादीवरून, पैशांच्या मेसेजवरून, गोळ्यांच्या खणावरून जुळवा आणि लिहा. सगळं जुळत नाही; जिथे जुळत नाही तिथे रेघ मारून ‘माहीत नाही’ लिहा, अंदाज लिहू नका. कुणाला काही कबूल केलेलं दिसलं तर फोन करून विचारा. आतल्या ज्याने कालचा दिवस सांभाळला त्याच्यासाठी एक ओळ लिहा. कालनिर्णयवर काट मारा. आणि खिंडार नेहमीपेक्षा मोठं असेल, अंगावर खुणा असतील किंवा सलग तिसरी रात्र झोप नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.